डाव तहकूब

वाड्याच्या चौकात डबा ऐसपैस किंवा विषामृत ऐन रंगात आलेले असावे, ज्याच्यावर राज्य आहे तो दांडगा मुलगा हाताच्या अंतरावर येऊन ठेपलेला असावा, आणि नेमक्या अशा क्षणी एखाद्याच्या पायात खडा रुतावा, चड्डीची नाडी सुटावी किंवा माडीवरून आईची हाक यावी, की ते मूल जागच्या जागी उभे राहून 'टाइम प्लीज' असे ओरडत असे. आणि त्या दोन परक्या शब्दांचा अंमल आमच्यावर असा विलक्षण होता की, पुढे आलेला हात तत्काळ मागे घेतला जाई. कोणत्याही दफ्तरात न नोंदलेली ही सनद लहानमोठ्या प्रत्येक गड्यास आपोआप मिळालेली असे. तिचा गैरफायदा घेणारे लबाड पुष्कळ होते (त्यांत मीही एक होतो). परंतु म्हणून ती सनदच रद्द करावी, असे कोणाच्या मनात कधी आले नाही, कारण डाव थांबवता येतो म्हणूनच तो बेभान होऊन खेळता येतो, हे आम्हां मुलांस कोणी न शिकवता कळलेले होते.

या सनदेचे स्मरण मला गेल्या वर्षी माझ्या चौदा वर्षांच्या नातवाने करून दिले. पाने वाढून झाली होती, तीन हाका मारून झाल्या होत्या, आणि चिरंजीव भिंतीला पाठ टेकून, घरातल्या एका सिमकार्ड नसलेल्या जुन्या मोबाइलवर 'बीजीएमआय' नामक युद्धाचा खेळ खेळण्यात गढून गेले होते. वडीलकीचा अधिकार बजावण्याच्या आवेशात मी उठलो आणि राऊटरची कळ दाबून साऱ्या घराचे इंटरनेटच बंद केले. मुलगा आरडाओरडा करील अशी माझी अपेक्षा होती, परंतु त्याने फोन खाली ठेवला, डोळे पुसले आणि विचारले, "आजोबा, तुम्ही हुतूतू खेळायचात ना? चढाईला गेलेल्या गड्याला बाहेरून कोणी तंगडी धरून ओढलं असतं, तर चाललं असतं तुम्हाला?" मग त्याने मला जे समजावून सांगितले ते असे की, शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, सुरक्षित वर्तुळ हळूहळू आक्रसत जाते, चौघांचा एक स्क्वाड असतो, सारी मॅच सुमारे अर्ध्या तासात निकाली निघते, आणि मध्येच थांबण्याची सोय तीत कोणालाही नसते, तेव्हा मी कळ दाबली त्या क्षणी त्याचे तिघे सवंगडी, निराळ्या तीन घरांत बसलेले, एका गड्याने उणे झाले. जेवायला उठले पाहिजे हे त्यालाही मान्य होते. आमचा खरा वाद कोठे थांबावे याविषयी होता, आणि त्या वादात न्याय त्याच्या बाजूला होता, हे कबूल करावयास मला दोन दिवस लागले.

खेळ तहकूब कसा करावा याचे शास्त्र बुद्धिबळाच्या मंडळींनी जितके चोख बांधले, तितके अन्य कोणी क्वचितच बांधले असेल. सामना लांबला आणि दिवसाची ठरलेली मुदत संपली, की ज्याची खेळी असेल त्याने ती पटावर न करता कागदावर लिहावयाची, कागद लिफाफ्यात बंद करून पंचांच्या स्वाधीन करावयाचा, आणि मग दोघांनीही जेवावे, झोपावे, येरझारा घालाव्यात. दुसऱ्या दिवशी पंचांनी लिफाफा फोडला की डाव पुढे सुरू. १९७२ साली आइसलंडमधील रेक्याविक येथे स्पास्की आणि फिशर यांच्यात जगज्जेतेपदासाठी झालेल्या लढतीचा एकविसावा डाव असाच तहकूब झाला, आणि १ सप्टेंबर रोजी स्पास्की पटाकडे परतलाच नाही. रात्रभराच्या विचाराअंती डाव हातचा गेल्याचे ओळखून त्याने टेलिफोनवरूनच हार कळवली. विश्रांतीच्या काळात असा निर्णय होऊ शकतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे तहकुबीच्या रात्रीत संगणकच उत्तर शोधून देऊ लागला, तेव्हा १९९० नंतरच्या दशकात हा दस्तूर मोडीत निघाला.

व्हिडिओ गेमच्या पहिल्या पिढीला विश्रांतीची चिंता वाहावी लागली नाही, कारण खेळणाऱ्याला लवकर उठवण्यावरच तिचा धंदा चालत असे. पेटीत नाणे टाकावे, दोनतीन 'लाइफ' मिळाव्यात, त्या संपल्या की मागे ताटकळणाऱ्याला जागा द्यावी, अशी ती रोख व्यवहाराची रीत होती. जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो याने १९७८ साली 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ रचला, तेव्हा पडद्यावरचे शत्रू जसजसे कमी होत, तसतसा यंत्रावरील भार हलका होऊन उरलेले शत्रू अधिक वेगाने धावू लागत. हा यंत्राचा दोष निशिकादोने गुण म्हणून ठेवून घेतला, आणि चांगला खेळणारा जितका चांगला खेळे तितका त्याचा अंत समीप येई. १९८०च्या 'पॅक-मॅन'ला शेवट असा योजलेलाच नव्हता. परंतु पायऱ्यांची मोजदाद ठेवणारा आकडा २५५च्या पुढे मावत नसल्यामुळे २५६व्या पायरीवर पडद्याचा उजवा अर्धा भाग निरर्थक चिन्हांनी भरून जाई आणि खेळ तेथेच खुंटे. आपल्याकडे १९९०च्या सुमारास घरोघर आलेला 'टीव्ही गेम' आठवून पाहा. कॅसेटला फुंकर मारून ती खाचेत बसवावयाची, मारिओला घेऊन निघावयाचे, आणि कोठवर पोहोचलो याची नोंद ठेवण्याची सोय नसल्यामुळे दूरदर्शनवर बातम्या लागण्याची वेळ झाली की सारे राज्य पुन्हा शून्यावर यावयाचे. त्यातून कोणी फारच चिवट निघाला, तर पुढल्या काळात महाराष्ट्राच्या लहान गावांत लोडशेडिंगने त्याचा बंदोबस्त केला. आज त्या काळोख्या तासांबद्दल कृतज्ञ असणारी एखादी आई मला भेटली, तर मी आश्चर्य करणार नाही.

जपानमध्ये १९८६ साली आलेल्या 'द लीजंड ऑफ झेल्डा' या खेळाने प्रगतीची नोंद जपून ठेवण्याची सोय लोकप्रिय केली, आणि माझ्या मते खेळणाऱ्यावर झालेला हा मोठाच उपकार होता. पोथी वाचता वाचता दोरी घालून ठेवावी, तसा खेळ आता ठेवता येऊ लागला. परंतु याच सोयीच्या पोटी एक गैरसोयही जन्मली. खेळ मोडत नाही म्हणजे तो संपतही नाही. आणि पुढे इंटरनेटवर सारे जग एका पटावर आले, तेव्हा तर कोणी ना कोणी अष्टौप्रहर जागे असल्यामुळे खेळाला रात्रच उरली नाही. मॉस्कोमध्ये अलेक्सेई पाझितनोव याने १९८४ साली रचलेला 'टेट्रिस' हा तर पहिल्यापासूनच असा अंतहीन होता, त्यात हरता येई, जिंकता येत नसे. त्याची १९८९ची निन्टेन्डोवरील आवृत्ती डिसेंबर २०२३मध्ये अमेरिकेतील एका तेरा वर्षांच्या मुलाने इतकी पुढे नेली की अखेर तो खेळच गोठून पडला. चौतीस वर्षांत प्रथमच विश्रांतीची गरज माणसाआधी यंत्राला लागली.

अपुरी राहिलेली गोष्ट मनाला स्वस्थ बसू देत नाही, हे मानसशास्त्रज्ञांना शंभर वर्षांपूर्वीच दिसून आले होते. बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्या हाताखाली काम करणाऱ्या मारिया ओव्ह्स्यांकिना यांनी १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माणसांना काही किरकोळ कामे देऊन ती मध्येच थांबवली, आणि पुढे त्यांना मोकळे सोडले असता, कोणी सांगितले नसताना व काही मिळकत नसताना, बहुतेकांनी तीच कामे पुन्हा हाती घेतली. खेळ विकणाऱ्यांनी हा मनुष्यस्वभाव फार बारकाईने ओळखला. २००९च्या 'फार्मव्हिल'मध्ये लावलेली स्ट्रॉबेरी चार तासांत तयार होई आणि वेळेवर तोडली नाही तर वाळून जाई, म्हणजे शेतकऱ्याच्या जिवाला असलेला घोर, शेत नसताना. कित्येक खेळांत रोजची हजेरी लागते, ती चुकली की जमलेले बक्षीस बुडते. या सर्वांत मला अधिक चमत्कारिक वाटते ती २०१२च्या 'कँडी क्रश'ची तजवीज: पाच लाइफ संपल्या की खेळ बंद, दर अर्ध्या तासाने एक लाइफ परत, आणि तेवढा धीर नसेल तर पैसे मोजा. वरवर पाहता खेळाने स्वतःच विश्रांती सांगितली, यापरते चांगले काय? परंतु येथे विश्रांती ही शिक्षा म्हणून दिलेली आहे आणि तीतून सुटका हा विकावयाचा माल आहे. अर्ध्या तासासाठी उठून जाणारा माणूसही डोळा घड्याळावर ठेवूनच जातो.

सर्वच कारागीर मात्र या वाटेने गेले नाहीत. शिगेसातो इतोइ या जपानी लेखकाने १९९४ साली रचलेल्या एका खेळात (इंग्रजीत तो 'अर्थबाउंड' या नावाने आला) नायकाचे वडील कधी दृष्टीस पडत नाहीत, केवळ टेलिफोनवर भेटतात. आणि दोन एक तास सलग खेळ झाला की त्यांचा फोन येतो, बाळ, दमला असशील, थोडा थांब, अशा आशयाचा. दूरगावी नोकरी करणाऱ्या बापाचा हा आवाज खेळणाऱ्या मुलांच्या स्मरणात वर्षानुवर्षे राहिला. निन्टेन्डोने २००६ साली 'वी' हे यंत्र आणले, त्यावरील काही खेळांत बराच वेळ गेला की उघड्या खिडकीचे आणि वाऱ्याने हलणाऱ्या पडद्याचे चित्र दाखवून विश्रांती सुचवली जाई. कोणत्याही उपदेशापेक्षा मला ती खिडकी अधिक आवडते.

परंतु या प्रकरणात खरी शहाणपणाची कथा आहे ती २००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळाची. चाचणीच्या काळात निर्मात्यांनी असा नियम केला होता की, काही तास सलग खेळले की नायक दमतो आणि पुढे त्याला मिळणारे अनुभवाचे गुण निम्मे होतात. खेळणाऱ्यांची यावर तीव्र इतराजी झाली. तेव्हा निर्मात्यांनी केले काय, तर हिशेब जवळपास तोच ठेवून नावे बदलली: जे निम्मे होते त्याला सर्वसाधारण म्हटले, आणि जे पूर्ण होते त्याला विश्रांती घेतलेल्या नायकाचे दुप्पट गुण. खेळ सोडताना नायकाला एखाद्या सराईत मुक्कामाला ठेवले, तर ही विश्रांतीची पुंजी अधिक वेगाने साठते. दंडाचे बक्षीस झाले, आणि तक्रार करणारी तीच माणसे संतुष्ट झाली. वसुली आणि सवलत यांतील अंतर पुष्कळदा शब्दाचेच असते, हे आपल्याकडील कोणत्याही मुरलेल्या कारकुनाने त्यांना आधीच सांगितले असते.

सरकारांनी मात्र दंडाचीच वाट धरली. चीनने २००७ साली फर्मान काढले ते वॉरक्राफ्टच्या टाकून दिलेल्या नियमासारखेच होते: तीन तासांपुढे अल्पवयीन खेळाडूची कमाई निम्मी, पाच तासांपुढे शून्य. पुढे ते कडक होत होत ऑगस्ट २०२१मध्ये असे ठरले की, अठरा वर्षांखालील मुलांनी शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच एक तास ऑनलाइन खेळावे. दक्षिण कोरियात नोव्हेंबर २०११पासून सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळास बंदी होती. लोक त्यास सिंड्रेलाचा कायदा म्हणत. मुलांनी आईबापांचे ओळख क्रमांक वापरले, आणि काळ मोबाइलचा आला तरी मोबाइलवरील खेळ त्या कायद्याच्या कक्षेत नव्हते. अखेर जानेवारी २०२२पासून तो रद्द झाला. जपानच्या कागावा प्रांताने एप्रिल २०२०मध्ये शाळेच्या दिवशी ६० आणि सुट्टीच्या दिवशी ९० मिनिटांची मर्यादा घातली, पण शिक्षेचे कलमच ठेवले नाही; म्हणजे ते पालकांना उद्देशून केलेले जाहीर आवाहनच म्हणावयाचे. आपल्याकडे सप्टेंबर २०२०मध्ये 'पबजी मोबाइल' बंद झाला तो मुलांच्या डोळ्यांसाठी नव्हे, चीनशी ताणलेल्या संबंधांमुळे. आणि २०२१ साली त्याच खेळाचा 'बीजीएमआय' हा अवतार आला तेव्हा अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा त्यातच घालून देण्यात आली. माझ्या नातवाला ही मर्यादा ठाऊक आहे. ती गाठली जाईपर्यंत खेळावयाचे असते, असा त्याने तिचा अर्थ लावलेला होता, आणि मर्यादांचा अर्थ लावण्याची ही पद्धत त्याला मोठ्यांकडूनच मिळाली असावी.

शरीराचे म्हणणे थोडक्यात सांगता येते. आपण एरवी मिनिटाला सुमारे पंधरा वेळा पापणी लववतो. पडद्याकडे टक लावली की ते प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते, आणि डोळा कोरडा पडून चुरचुरतो. जवळची वस्तू सतत पाहताना बुबुळामागील भिंगाचा आकार बदलणारा स्नायू आवळलेलाच राहतो. म्हणून दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडील वस्तूकडे वीस सेकंद पाहावे, असा सोपा नियम नेत्रवैद्य सांगतात. मुलांनी दिवसाउजेडी घराबाहेर घालवलेला वेळ चष्मा लांबणीवर टाकतो, हेही आता पुरते सिद्ध झालेले आहे. मांडी मोडून तासन् तास बसण्याचा धोका मात्र फारसा कोणाच्या ध्यानी नसतो: न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी २००३ साली अशा एका बत्तीस वर्षांच्या मनुष्याची हकीकत प्रसिद्ध केली, ज्याच्या पायात संगणकापुढे प्रदीर्घ काळ बसल्याने रक्ताची गुठळी झाली आणि ती फुप्फुसापर्यंत पोहोचली. बसणे कामासाठी की खेळासाठी, हा फरक शिरेतील रक्ताला कळत नाही.

मनाचे म्हणणे अधिक मनोरंजक आहे, आणि खेळणाऱ्याला पटण्याजोगेही. हार्वर्डमधील रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २००० साली काही माणसांकडून दिवसाकाठी काही तास टेट्रिस खेळवून घेतले, तेव्हा त्यांतील पुष्कळांना झोप लागता लागता डोळ्यांपुढे वरून पडणारे ठोकळे दिसू लागले. विशेष हे की, स्मृतिलोप झालेल्या ज्या रुग्णांना आपण हा खेळ खेळलो हेदेखील आठवत नव्हते, त्यांतील काहींनाही ते दिसले. म्हणजे खेळ ठेवून दिल्यावर आतल्या आत त्याचा सराव चालूच असतो. याचा फायदा किती होतो, ते टॉम स्टॅफर्ड आणि मायकेल ड्यूअर यांनी २०१४ साली दुसऱ्या एका ऑनलाइन खेळाच्या साडेआठ लाखांहून अधिक खेळाडूंच्या नोंदी तपासून दाखवले: सुरुवातीचे डाव एका बैठकीत उरकणाऱ्यांपेक्षा ते एका दिवसाहून अधिक काळात पसरून खेळणाऱ्यांचे पुढील गुण सरस होते. नातवाला मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा आरोग्याच्या नावाने ज्या मुलाने कधी मान वर केली नव्हती, त्याने लगेच विचारले, "म्हणजे रँक पुश करायची तर झोप काढली पाहिजे?" होय, असे मी शक्य तितक्या गांभीर्याने म्हणालो.

एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. हा सारा विचार निरोगी खेळाविषयी चाललेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या यादीत, जी जानेवारी २०२२पासून अमलात आली, गेमिंगच्या विकाराला स्थान दिले, त्याची लक्षणे निराळी आहेत: खेळण्यावर ताबा न उरणे, जेवण, झोप, शाळा, माणसे या सर्वांहून खेळाला अग्रक्रम मिळत जाणे, नुकसान दिसत असूनही तो चालू राहणे, आणि ही अवस्था सामान्यतः निदान बारा महिने टिकणे. असे असेल तर विश्रांतीचे नियम पुरे पडत नाहीत, वैद्य गाठावा लागतो. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४पासून यासाठी स्वतंत्र चिकित्सालय आहे. परंतु दोन हाकांना ओ न देणारा प्रत्येक मुलगा रोगी ठरवणे हा त्याच्यावर आणि रोगावरही अन्याय होय.

आमच्या घरात यथावकाश एक तह झाला. मॅच संपली की खेळाडू पुन्हा 'लॉबी'त येतो, आणि तेथे 'स्टार्ट' दाबल्याखेरीज नवी मॅच सुरू होत नाही, हे मला आता कळलेले आहे. या खेळाचा सांधा तो हाच. पहिली हाक आली की चालू मॅच पुरी करण्याची मुभा, मात्र त्यानंतर स्टार्ट दाबावयाचे नाही; आणि उठताना फोन जागेवर ठेवून उठावयाचे, कारण मॅच संपवून त्याच पडद्यावर रील पाहत बसण्यास विश्रांती म्हणणे म्हणजे डोळ्यांची आणि स्वतःची फसवणूक. हा तह महिन्यातून चारपाच वेळा मोडतो. मोडणारा दर वेळी तोच असतो असेही नाही, कारण रविवारी दुपारी पत्ते पिसून झाले की मलाही उठवत नाही.

तेव्हा वाचकांस माझी विनंती एवढीच की, राऊटरकडे हात नेण्यापूर्वी क्षणभर मुलाच्या शेजारी बसावे आणि विचारावे, "मॅच चालू आहे, की लॉबीत आहेस?" लॉबीत असेल तर फोन तत्काळ ठेवावयास लावण्यात कोणाचाच अन्याय नाही. मॅच चालू असेल, तर ती अर्ध्या तासाच्या आत संपते, आणि तेवढ्यात आमटी पुन्हा गरम करून होते.